नानांची गाडी आणि ठिबकची नळी

माझं जळगावात ठिबक सिंचनाच्या सुट्या सामानाचं दुकान आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी नळ्या आणि जोडण्या यांतच असतो, आणि त्यातून माझी एक समजूत पक्की झाली होती, की नळीने सुटत नाही असा प्रश्न जगात नाही. आमच्या मेहरूणच्या घरी कपडे वाळत घालायची दोरी ठिबकच्या नळीची, दोडक्याचा वेल चढतो तो मांडव नळीने बांधलेला, कुलरला पाणी जातं तेही नळीतूनच. बायको म्हणते, लग्नात मंगळसूत्र नळीत ओवून आणलं नाहीत हे माझं नशीब. गेल्या आखाजीला याच समजुतीने मला भर उन्हात हायवेवर उभं केलं, आणि मी त्याबद्दल आजही त्या समजुतीचे आभार मानतो.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकीच्या महाराष्ट्रात त्या दिवशी सोनं घेतात, आम्ही खान्देशात लेकी आणतो. दारोदारी लिंबाला झोके लागतात, आमरस-पुरणपोळी होते, गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरून पुजतात. आणि लेकीने आपलं आपण उठून यायचं नसतं. माहेरचं माणूस तिला न्यायला जातं, त्याला मुराळी म्हणतात.

माझी थोरली बहीण, अक्का, धुळ्याला दिलेली. तिचे मुराळी आमचे वडील, नाना. आखाजीच्या आदल्या दिवशी ते आपली मोटारसायकल काढायचे, सकाळीच धुळ्याला जायचे आणि अक्काला मागे बसवून परत यायचे. रस्ता काही फार नाही, पण यायला दिवेलागण व्हायची. "गाडी बंद पडली," एवढंच नाना सांगायचे. दर वर्षी हेच. अक्काला सोडायला गेले तरी हेच. आम्हाला त्याचं नवल वाटेनासं झालं होतं. गाडीच मेली तशी, असं आई म्हणायची.

नाना गेले आणि गाडी मागच्या पत्र्याखाली ताडपत्रीत गुंडाळून उभी राहिली. पुढे आई फोन करायची आणि अक्का मुलाच्या कारने नाहीतर बसने यायची. या हिवाळ्यात आईही गेली. आखाजी जवळ आली तसा मी अक्काला फोन लावला. म्हटलं, आईच्या नावाची पहिली घागर आहे, तू कधी येतेस?

ती म्हणाली, "आते माय नही ऱ्हायनी. माहेर कसानं रे भाऊ? घागर तू भरी ले. मी आठेच हात जोडसू."

ती तिथूनच हात जोडणार! माझं डोकं फिरलं. मला राग लवकर येतो, आणि दुःख झालं की तर आधी रागच येतो. आई गेली म्हणून माहेर संपलं? मग मी कोण, शेजारी? मी तसं म्हणालोही. ती नुसतं "तसं नही रे," म्हणत राहिली. शेवटी मी ओरडलो, "मी येतो तुला न्यायला. मुराळी म्हणून येतो. नानांची गाडी घेऊन येतो!"

अक्का हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. "ती गाडी? ती चालू व्हयनी ना, तं मी येसू."

झालं. शब्दाला शब्द लागला आणि अक्काचं येणं त्या गंजलेल्या गाडीवर येऊन थांबलं. गाडी चालू झाली तर बहीण येणार, नाही तर आईची घागर मी एकटा भरणार, आणि यंदा न आलेली अक्का पुढे कधी येईल याचा भरवसा नव्हता. एकदा तुटलेला रस्ता पुन्हा वाहता होत नाही, हे मी बऱ्याच घरांत पाहिलं होतं.

शहाणा माणूस गाडी ढकलत कोपऱ्यावरच्या गॅरेजात गेला असता. बायकोने तेच सांगितलं. "तुम्ही उघडलेलं काही परत जुळलेलं मी पाहिलं नाही. माझा मिक्सर आठवा." पण नाना त्या गाडीला परक्याचा हात लावू देत नसत. दसऱ्याला तिला धुऊन, पुसून, झेंडूची माळ घालून ते स्वतःच तिच्याशी काय काय बोलत बसायचे. म्हणून मी ठरवलं, गाडी मीच करणार. मोबाइलवर व्हिडिओ बघून लोक काय काय करतात, मला एवढं जमू नये?

पहिलं काम ऑइल बदलायचं. इंजिनाखालचा बोल्ट काढला, जुनं काळं ऑइल घमेल्यात सोडलं, घमेलं उचलून लांब ठेवलं, हात पुसले आणि वरून नवं ऑइल ओतलं. ओततोय, ओततोय, पण भरतच नाही. गाडी फार दिवसांची तहानलेली असेल, असं मला खरोखर वाटलं. खालचा बोल्ट माझ्याच शर्टाच्या खिशात होता.

हे एकट्यात घडलं असतं तर गिळून टाकता आलं असतं. पण त्या दिवशी अंगणात बिबड्या घालायचं काम चाललं होतं. बिबड्या म्हणजे ज्वारीच्या शिजवलेल्या पिठाचे मोठे पातळ पापड. उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका मिळून जुन्या साड्यांवर ते वाळत घालतात. आमच्या अंगणाला उतार आहे, तो मी आजवर कधी बघितला नव्हता. ऑइलची धार सरळ साडीच्या दिशेने निघाली. बायका उठल्या, ओरडल्या, चार कोपऱ्यांनी साडी उचलायला गेल्या आणि ओल्या बिबड्या मधोमध गोळा होऊन त्यांचा पुन्हा लगदा झाला. शेजारची काकू म्हणाली, "यंदा तुमच्या बिबड्या तळायला तेल लागणार नाही." बायकोने माझ्याकडे बघितलंही नाही. ते बघणं परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी ब्रेक. मागचा ब्रेक दाबला की चर्र वाजायचा. जिथे आवाज, तिथे तेल, हे मी दाराच्या कडीपासून शिलाई मशीनपर्यंत पाळत आलेलो आहे. चाक उघडलं आणि ब्रेकच्या पट्ट्यांना सढळ हाताने ग्रीस चोपडलं. आवाज गेला. सोबत नवी बॅटरी बसवून तुटलेल्या वायरीही जोडल्या, एकाच रंगाच्या दोन होत्या, एक इकडे आणि एक तिकडे. मग बायकोला "बघ" म्हणून गाडीवर बसलो आणि उतारावरून नुसतीच सोडली. वळणाशी ब्रेक दाबला तर गाडी थांबली नाही, हॉर्न मात्र वाजला. मी आणखी जोरात दाबला, आणखी जोरात वाजला. पुढे एका घराचं बांधकाम चाललं होतं, त्या वाळूच्या ढिगात मी हॉर्न वाजवत शिरलो. तिथला गवंडी भला माणूस. त्याने मला बाहेर काढलं, गाडी काढली आणि म्हणाला, "साहेब, हॉर्न चांगला आहे तुमचा."

पट्ट्या काढून पेट्रोलने धुतल्या, पॉलिश पेपरने घासल्या, वायरी बदलल्या. आणि मग शेवटची गोष्ट, पेट्रोलची नळी. टाकीखालच्या कॉकपासून, म्हणजे पेट्रोल चालू-बंद करायच्या तोटीपासून, इंजिनाकडे जाते ती रबरी नळी तडकून पार भुगा झाली होती. इथे मात्र मला कोणी शिकवायची गरज नव्हती. दुकानातून बारीक काळी ठिबकची नळी आणली, टोकं गरम पाण्यात धरून मऊ केली आणि दोन्हीकडे दाबून बसवली. गार झाल्यावर ती अशी घट्ट बसली की मला माझाच अभिमान वाटला. पन्नाशीला आलेला माणूस अंगणात एकटाच हसत उभा होता.

गाडीने किक खाल्ल्या, खोकली, धूर सोडला आणि चालू झाली. मी अक्काला फोन लावला, काही न बोलता मोबाइल सायलेन्सरपाशी धरला. बराच वेळ. कानाला लावला तेव्हा पलीकडे ती रडत होती. "ये," एवढंच म्हणाली.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी अंधार फिटता फिटता निघालो. हवा गार होती, गाडी सुरेख चालली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, धुळे आलं. दाजींनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि नळीकडे बोट दाखवून "ही काय?" विचारलं. मी म्हटलं, "नवी टाकली." त्यांनी मला शेवभाजी आणि भाकरी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. निघायला ऊन डोक्यावर आलं. अक्काने मांडीवर पिशवी घेतली, त्यात सांजोऱ्या आणि घागरीवर ठेवायला एक मोठं डांगर, म्हणजे खरबूज. माझ्या खांद्यावर हात ठेवून ती एका बाजूला पाय सोडून बसली. नानांच्या मागे ती अशीच बसायची.

रस्त्यावर त्या दिवशी एक बघण्यासारखी गोष्ट असते. मोटारसायकलीच मोटारसायकली, पुढे भाऊ आणि मागे पिशवी घेतलेली बहीण. कोणी म्हातारा भाऊ, कोणी मिसरूड फुटलेला. ओळख ना पाळख, पण बहिणी एकमेकींकडे बघून हसतात. मी त्या रांगेत होतो आणि मला फार बरं वाटत होतं.

पारोळा मागे पडलं आणि पेट्रोलचा वास आला. मग गाडीने दोन आचके दिले आणि गप्प झाली. उतरून बघतो तर उन्हाने आणि इंजिनाच्या धगीने नळी मऊ पडून ढिली झालेली, कॉकवरून सुटून लोंबत होती. टाकीतलं जवळजवळ सगळं पेट्रोल आम्ही रस्त्याला पाजत आलो होतो. मी कॉक बंद केला आणि गाडीला, उन्हाला, रस्त्याला, व्हिडिओ करणाऱ्याला, सगळ्यांना शिव्या घातल्या. अक्का वाकून बघत होती.

"हाई ते ठिबकनी नळी शे!"

मी लोंबणारी नळी मुठीत लपवली.

"तू इंजिनले पानी देवाले निंघना व्हता का रे?" आणि ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून, पिशवी रस्त्यावर ठेवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आई गेल्यानंतर ती तशी पहिल्यांदाच हसली होती. माझा राग कुठे गेला मला कळलं नाही.

जवळच एक बाभूळ होती. मी गाडी तिच्याखाली घ्यायला लागलो तर अक्का म्हणाली, "आठे नको. पुढे लिंब शे." पुढे म्हणजे चांगलंच पुढे. त्या उन्हात मी ढकलतोय, ती मागून हात लावतेय आणि मी पुटपुटतोय की सावलीला काय नाव लिहिलेलं असतं का. हायवे रुंद केला तेव्हा रस्त्यालगतची झाडं गेली, हा लिंब जरा आत होता म्हणून वाचला. अक्का त्याच्या बुंध्याशी जाऊन बसली. तिला जागा शोधावी लागली नाही.

"नानानी गाडी आठेच बंद पडे," ती म्हणाली.

"दर वर्षी इथेच?" मी विचारलं.

"बंद नही पडे. नाना बंद करेत."

मग तिने सांगितलं. चालत्या गाडीवर नानांचा डावा हात हळूच टाकीखाली जायचा आणि कॉक फिरवायचा. उरलेल्या पेट्रोलवर गाडी थोडं अंतर जायची आणि बरोबर या लिंबापाशी येऊन थांबायची. नाना उतरायचे, प्लग काढायचे, फुंकायचे, परत लावायचे, उगाचच. आणि ते करताना विचारायचे, सासू कशी वागते, पोटभर जेवतेस ना, हातावर हे काय भाजलंय. घरी गेल्यावर आई, मावश्या, शेजारणी, पोरं, घर गजबजलेलं. बापाला लेकीशी बोलायला जागा नव्हती. आमच्याकडे बापाने लेकीला जवळ बसवून सुखदुःख विचारायची रीतही नव्हती. गाडी बंद पडली की मात्र बोलावंच लागतं.

"तू त्यांना कधी म्हणाली नाहीस, मला कळतं म्हणून?"

"कसाले म्हनू? मंग नाना गाडी बंद करतात का परत?"

आम्ही बसलो. ती आईविषयी बोलली, शेवटच्या दिवसांविषयी बोलली, रडली. मीही रडलो, जे मी बाराव्या-तेराव्याच्या धावपळीत करायचं विसरलो होतो. हायवेवरून गाड्या जात होत्या. आम्ही एक सांजोरी मोडून खाल्ली.

शेवटी त्या रांगेतलीच एक मोटारसायकल थांबली. माझ्याहून बराच लहान भाऊ, मागे त्याची बहीण. "काय व्हयनं भाऊ?" त्याला नळी दाखवायला मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तो हसला नाही. त्याची बहीण हसली. त्यांनी आपल्या टाकीतून पाण्याच्या बाटलीत पेट्रोल काढून दिलं. मी पैसे द्यायला लागलो तर तो म्हणाला, "आज नही. आज बठ्ठा मुराळीच शेतस." आज सगळेच मुराळी, म्हणून पैसे नाहीत; त्या पोराचे उपकार मी विसरणार नाही. अक्काने अंबाड्याचा रबर काढून नळीच्या टोकावर आवळला, वरून ओला रुमाल गुंडाळला. मग आम्ही जरा चाललो की थांबायचो, रुमाल ओला करायचो, पुन्हा निघायचो. घरी पोचायला दिवेलागण झाली. बायको दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. "एवढा वेळ?" तिने विचारलं.

"गाडी बंद पडली," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आईची घागर भरली. वर डांगर ठेवलं, कुंकू लावलं. पाणी मी ओतलं, हात अक्काने धरला. नानांची घागर शेजारीच होती. अक्का चार दिवस राहिली, झोक्यावर बसली, बायकोबरोबर बिबड्या पुन्हा घातल्या. या वेळी मला अंगणात यायची बंदी होती. मधल्या काळात बायकोने मला न विचारता गाडी गॅरेजात दिली. नवी रबरी नळी, नव्या ब्रेकच्या पट्ट्या, सगळं झालं. मी तक्रार केली नाही.

अक्काला सोडायला निघालो तर गाडीला नाव ठेवायला जागा नव्हती. एरंडोल बघता बघता मागे गेलं, त्याच्या पुढचा पेट्रोल पंपही गेला. अक्का मागे गप्प होती. मला कळेना, ती घरच्या ओढीने गप्प आहे की आणखी कशाने. या वेगाने आपण दुपारपूर्वी धुळ्यात असू आणि मग ती उतरेल, पिशवी घेईल आणि आत जाईल. पुढच्या आखाजीविषयी तिने चार दिवसांत एक शब्द काढला नव्हता, आणि विचारायची माझी छाती झाली नव्हती.

लांबवर लिंबाचा शेंडा दिसला. मी डावा हात खाली नेला आणि कॉक फिरवला.

गाडी चालत राहिली. लिंब जवळ आला. गाडी चालतच राहिली. लिंब आला, बाजूने गेला, मागे पडला. मी आरशात त्याच्याकडे बघत होतो. आणखी बरंच पुढे गेल्यावर गाडीने आचके दिले आणि ती अशा ठिकाणी उभी राहिली, जिथे दोन्ही बाजूंना नांगरलेली रानं होती आणि सावली म्हणून विजेचा एक खांब होता.

मी उतरलो. प्लगकडे बघायचं नाटक करावं म्हटलं तर पान्हा घरी राहिलेला. घाम गळत होता. अक्काने डोक्यावर पदर घेतला, मागे वळून त्या लिंबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नाना पेट्रोल पंपपाशीच कॉक बंद करेत," ती म्हणाली. "पुढला सालले ध्यानमा ठेव."